डाव्या हाताचं सारवण

गेले चार महिने माझ्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट ऐकवतो, की आता कामाला बाई ठेवा. गुडघे गेलेत हे खरं आहे. केर काढायला वाकले की उठताना दाराची कडी धरावी लागते, हेही खरं. पण मी नाही म्हणते, आणि का म्हणून विचारलं की ‘मला घरात कोणी वावरलेलं खपत नाही’ असं काहीतरी तुसडेपणाने बोलून मोकळी होते. लोकांना वाटतं म्हातारी चिक्कू आहे. वाटू दे. खरं कारण चहाच्या कपाबरोबर सांगण्यासारखं नाही. ते सांगायचं तर मी अकरा वर्षांची होते त्या हिवाळ्यापर्यंत मागे जावं लागतं, आणि तिकडे जायला माझे पाय अजूनही कुरकुरतात.

घर हेच, किहीमचं. तेव्हा जमिनी मातीच्या होत्या, एवढाच काय तो फरक. पुढे ओटी, मग माजघर, माजघराच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला अक्काची खोली. मागे आमची निजायची खोली, पडवी, आणि पडवीला लागून गोठा. गोठ्यात कपिला नावाची एकुलती एक गाय. वाडीत नारळ-सुपारी, पलीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. समुद्राचा आवाज आम्हाला ऐकूच येत नसे, इतका तो कायमचा होता. सुरूंचा मात्र यायचा. वारा नसला तरी ती झाडं काहीतरी पुटपुटत असायची, आणि मी लहानपणी त्यातले शब्द ओळखायचा प्रयत्न करायचे. वारा फिरला की थळच्या बाजूने वाळत घातलेल्या जवळ्याचा वास थेट माजघरात येई. दादा, म्हणजे माझे वडील, रेवसच्या धक्क्यावर तिकीट मास्तर होते. सकाळची लाँच गाठायची म्हणून उजाडता उजाडता सायकल काढायचे. आई त्यांना गरम पेज आणि भाजलेला पांढरा कांदा द्यायची. पावसाळ्यात लाँच बंद, तेव्हा दादा चार महिने घरी आणि घरभर त्यांची खोकल्यासारखी हाक, ‘अक्का, अक्का’.

अक्का ही दादांची थोरली बहीण. माझी आत्याच, पण तिला सगळे अक्का म्हणत. फक्त आई ‘वन्सं’ म्हणायची. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत विधवा होऊन ती बापाच्या घरी परत आली तेव्हा ती जेमतेम पंधराची होती आणि दादा चार वर्षांचे. पुढे दोघांचे आईबापही गेले, आणि दादांना तिनेच वाढवलं. ‘मी बसून खात नाही’ हे तिचं पालुपद. कोणी काही न विचारताच ती ते ऐकवायची. केर, गोठा, अंगण, सारवण, सगळं तिचं. दर सोमवारी आणि शुक्रवारी ती पहाटे माजघर सारवायला घ्यायची, आणि तेही हाताने. पोतेऱ्याने सारवणाऱ्या बायकांना ती बायकांत धरत नसे. समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायची, उकिडवं बसून मागे मागे सरकत यायचं आणि उंबरठ्याशी काम संपवून बाहेर पडायचं. अक्का डावखुरी. उजव्या हाताने सारवलं की बोटांच्या कमानी एका अंगाला वळतात, डाव्याने दुसऱ्या. त्यामुळे आमच्या जमिनीवरच्या कमानी अख्ख्या आळीपेक्षा उलट्या असायच्या. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचे तो फक्त ओल्या तळव्याचा आवाज: सर्र, मग थांबणं, मग पुन्हा सर्र.

मला तिने शेणाच्या घमेल्याला कधी बोटही लावू दिलं नाही. मी हौसेने हात घातला की मनगटावर फटका बसायचा. ‘तू पाटी घे. या कामाला मी आहे.’ दादांना मात्र तिने सारवण शिकवलं होतं म्हणे, ते लहान असताना, पुढ्यात बसवून, हात धरून. दादा ती गोष्ट हसत हसत सांगायचे. आई हसायची नाही.

त्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या जरा आधी, अक्का तापाने आजारी पडली आणि आठ दिवसांत गेली. शेवटच्या दिवशी तिने दादांना जवळ बोलावलं. मी दाराशी उभी होते, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. ती म्हणाली, ‘माझ्यामागे घराला परका हात लावू नको हो.’ दादांनी मान हलवली. त्या काळच्या आमच्यासारख्या घरांत ‘परका हात’ या शब्दाचा काय काय अर्थ होता ते मी झाकून ठेवत नाही. पण अक्काच्या मनात त्याहून वेगळं काहीतरी होतं, असं मला आज वाटतं. बाराव्या-तेराव्यानंतर दादांनी तिची खोली बंद केली. आत तिची खाट, दोन लुगडी, आणि समोरच्या भिंतीला उभी करून ठेवलेली तिची केरसुणी. कुलपाची चावी आईच्या कमरेला गेली.

पुढे आई घर सांभाळू लागली, आणि दिवाळीच्या सुमारास कळलं की तिला दिवस गेलेत. घरात आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण माझ्यानंतर दोन वेळा असंच होऊन पाचव्या महिन्याच्या आसपास सगळं संपलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर आईही हाताला लागते की नाही अशी गत होती. दादांनी तिला अलिबागच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, उकिडवं बसायचं तर अजिबात नाही. या खेपेला काही झालं तर मूल जाईल, आणि आईसुद्धा. हे दादांनी घरी येऊन माझ्यासमोरच सांगितलं. अकरा वर्षांच्या मुलीसमोर असं बोलू नये, हे तेव्हाच्या मोठ्यांना कुठलं सुचायला.

केर मी काढू लागले, शाळेत जायच्या आधी. सारवण मात्र बंद पडलं. मातीच्या जमिनीला आठ-पंधरा दिवस हात लागला नाही की ती कशी होते, हे फरशीवर वाढलेल्यांना कळणार नाही. पोपडे निघतात, धूळ उडते, पिसवा होतात, पानात भाताबरोबर माती येते. महिन्याभरात आमचं माजघर कोणी सोडून गेल्यासारखं दिसायला लागलं. एक दिवस वालाचं बिरडं वाढता वाढता आईने विषय काढला.

‘अहो, चांगुणा यायला तयार आहे. रोजचा केर, अंगण, आणि आठवड्यातून दोनदा सारवण.’

चांगुणा ही पलीकडच्या आगरी पाड्यातली बाई. उंच, काळी, कमी बोलणारी. दोन-तीन घरांची कामं करायची.

‘म्हणजे अक्का करायची तेवढंच,’ दादा म्हणाले.

‘हो, तेवढंच.’

‘म्हणजे अक्का गेली आणि तिच्या जागी आपण बाई ठेवली. मग इतकी वर्षं अक्का या घरात कोण होती?’

आईने बिरड्याचा डाव परत भांड्यात ठेवला.  दादांनी पान अर्धं ठेवून हात धुतला. अक्का गेल्यापासून ते असंच अर्धं जेवायचे, आणि गळ्याची हाडं दिसायला लागली होती. शेवटी ते एवढंच म्हणाले, की शुक्रवारी सकाळी बोलाव तिला, मी निघायच्या आधी, मग बघू.

शुक्रवारी मी जागी झाले ती घरातल्या शांततेने. बाहेर आले तर दादा माजघरात गुडघ्यांवर बसलेले. माजघर सारवलेलं होतं. ओलं, गडद, आणि कमानींनी भरलेलं. कमानी डाव्या हाताच्या होत्या. दादांनी आपला डावा तळवा एका कमानीवर धरला, न टेकवता, वरच्यावर, आणि ते रडायला लागले. अक्का गेली तेव्हा ते रडले नव्हते.  मी आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती, एक हात कमरेवर.

‘वारही तिचाच,’ दादा म्हणाले. ‘शुक्रवार.’

तेवढ्यात चांगुणा आली. अंगणातूनच तिने आत नजर टाकली, जमिनीकडे बघितलं, मग आईच्या हातांकडे बघितलं, बराच वेळ. ‘मास्तर, घरान बाई हाय तुमच्या. मना कशाला बोलावलं?’

‘बाई नको आता,’ दादा म्हणाले. ‘घर बघणारी आहे.’

ती गेली. दादांनी त्या सकाळी दोन वाट्या पेज घेतली. सायकलवर बसताना ते काहीतरी गुणगुणतही होते. आई दारात उभी राहून ते ऐकत होती.

सोमवारी पुन्हा सारवण झालेलं, आणि त्यानंतरच्या शुक्रवारीही. कमानी डाव्याच. दादांच्या अंगावर मांस धरू लागलं. ते संध्याकाळी येऊन बंद खोलीच्या दाराशी बसत आणि आज धक्क्यावर काय झालं ते हळू आवाजात सांगत. कोणाची टोपी पाण्यात पडली, कोणत्या बाईची कोंबडी लाँचवर सुटली. मी पलीकडे गृहपाठ करत बसलेली असायचे. दादांचं बोलणं मधेच थांबायचं, समोरचा बोलत असताना आपण थांबतो ना, तेवढंच, आणि मग ‘हो ना’ म्हणून पुढे सुरू व्हायचं. त्या थांबण्याची मला जी भीती वाटायची तशी पुढे आयुष्यात कशाचीच वाटली नाही. गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या दारावरून जाताना बायका पदर सावरून भरभर जायच्या. आणि आई दिवसेंदिवस पिवळी पडत होती.

मग एका सोमवारी पहाटे मला जाग आली आणि तो आवाज ऐकू आला. सर्र. थांबणं. सर्र. शेजारी आईचं अंथरूण होतं, पण अंधारात त्यात आई आहे की नाही ते दिसेना, आणि हात लावून बघायचा धीर होईना. मी कान लावला. बांगड्यांचा आवाज नव्हता. आई असती तर बांगड्या वाजल्या असत्या. म्हणजे ही आई नव्हे. पण माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. घाबरले की मी पळत नाही, उलट चिडते. मी उठले आणि माजघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कोनाड्यात चिमणी मिणमिणत होती. एक बाई माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती. डोक्यावरून पदर. डावा हात फिरत होता, आणि ती मागे मागे सरकत माझ्याच दिशेने येत होती. एक कमान, एक सरकणं. एक कमान, एक सरकणं. मला हलता येईना. ती इतकी जवळ आली की तिच्या टाचा माझ्या पायांच्या बोटांना लागल्या. टाचा गार होत्या.

तिने वळून बघितलं. आई होती.

तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून चिंधीने करकचून बांधलेल्या होत्या. सवाष्ण बाईने असं करावं, हे मला त्या वयातही कसंसंच वाटलं. उजवा हात कुशीत घट्ट दाबलेला. उजव्या कुशीत कळ येते म्हणून तो हात सोडवत नाही, म्हणून डावा, असं ती म्हणाली. पहिल्या शुक्रवारी तिने का सारवलं ते सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण मी बायकांना ओळखते, त्या ठेवतील. नवी बाई येणार, तिला असली पोपडे निघालेली जमीन कशी दाखवायची, म्हणून. कामाला बाई येणार म्हणून आई घर आवरून ठेवत होती. आणि दादांना जाग येऊन ते रागावू नयेत म्हणून बांगड्या बांधल्या.

‘मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?’

‘ते रडले गं,’ आई म्हणाली. ‘कसं सांगणार. आणि आता जेवतायत नीट.’

‘डॉक्टर म्हणाले ना, तू मरशील म्हणून.’

‘हळू बोल. दादांना सांगायचं नाही. शपथ आहे तुला माझी.’ आणि ती उंबरठा धरून उठली. उठायला तिला इतका वेळ लागला की मी रडायला लागले.

शपथ मोडायची तर आई मरते, आणि पाळायची तरी आई मरते, असा माझा हिशेब झाला. दोन दिवस मी त्याच विचारात होते. गणिताच्या तासाला मास्तरांनी उभं केलं तरी मला प्रश्न ऐकू आला नाही. शेवटी मी ठरवलं की आपणच करायचं, आईच्या आधी उठून, डाव्या हाताने. आईला वाटेल अक्का आली, दादांना वाटेल अक्का आली, आणि आईला वाकावं लागणार नाही. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. शाळा सुटल्यावर मी गोठ्यात सराव केला. पहिल्या दिवशी दारापासून सुरुवात केली आणि मागे सरकत सरकत गव्हाणीला पाठ लागेपर्यंत आले. समोर सगळं ओलं आणि मी कोपऱ्यात अडकलेली. कपिला माझ्याकडे बघत होती. शेवटी स्वतःचंच सारवण तुडवत बाहेर आले आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. शुक्रवारी मला जागच आली नाही, आई सारवून मोकळी झाली होती, आणि तो दिवस तिने पडूनच काढला. त्यानंतरच्या सोमवारी मात्र कोंबडा आरवायच्या आधी मी उठले. आई थकून झोपली होती. मी समोरच्या भिंतीपासून सुरुवात केली, सगळं माजघर सारवलं, हात धुतले आणि अंथरुणात येऊन डोळे मिटून पडले. 

आई उठली. चिमणी घेऊन माजघराच्या दाराशी गेली. मी एक डोळा किलकिला केला. ती खाली वाकून जमिनीकडे बघत होती. मग मटकन उंबरठ्यावर बसली आणि ‘अगं बाई’ एवढंच म्हणाली, अगदी हळू, जणू कोणी तिला चटका दिला. माझी युक्ती साधली होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आईला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती तशीच उठली, ओली जमीन तुडवत दादा निजायचे त्या ओटीवर गेली आणि दादांना हलवून जागं केलं. माझ्या अंथरुणापर्यंत तिचा आवाज स्पष्ट आला. ‘अहो, इतके दिवस मी सारवत होते. वन्सं नव्हत्या. मी. डाव्या हाताने, कारण उजवी कूस दुखते. आणि आजचं सारवण मी केलेलं नाही.’

दादा उठून बसले. ते रागावतील, आईला टाकून बोलतील, असं मला वाटत होतं. मग ते म्हणाले, ‘कूस किती दिवस दुखतेय?’ आई म्हणाली, ‘महिना झाला.’ त्या दिवशी दादा रेवसला गेले नाहीत. आईला खाटेवर निजवून त्यांनी स्वतः पेज केली, ती करपली, आणि आम्ही तिघांनी ती मुकाट्याने खाल्ली. दुपारी ते स्वतःच पाड्यावर जाऊन चांगुणेला सांगून आले.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, पण उंबरठ्याबाहेरच थांबली. ‘मास्तर, पयली जी होती तिची केरसुणी कुठं हाय?’

‘तिच्या खोलीत.’

‘ती मना कोनी हाताने द्याला पायजे. मेलेल्या बाईची केरसुणी मी आपली आपण न्हाय उचलनार. आमच्यान तशी रीत न्हाय. देनारं कोनी नसंल तर ती सोडत न्हाय काम.’

आईने कमरेची चावी काढून दिली. पाच महिन्यांत ते कुलूप कोणी उघडलं नव्हतं. चावी दोनदा अडकली. दादांनी दार ढकललं. आत खिडकी एकच, लहान, गजांची, पण बाहेरचं ऊन थेट जमिनीवर पडलं होतं, आणि मी दादांच्या कोपराखालून सगळं बघितलं. खोली सारवलेली होती. ओली. कमानी डाव्या हाताच्या, मोठ्या, एकसारख्या, बोटं मोजता येतील इतक्या साफ. शेणाचा ताजा वास येत होता.

 चांगुणा मागून वाकून बघत होती. ती म्हणाली, ‘दाराशी सुरू केलंय. आतल्या अंगाला सरकत गेलीय. भायेर न्हाय आली.’

मला ते तिने सांगायच्या आधीच दिसलं होतं, कारण तीच चूक मी आठवड्यापूर्वी गोठ्यात केली होती. सारवण उंबरठ्यापासून सुरू होऊन समोरच्या भिंतीशी, जिथे केरसुणी उभी होती, तिथे संपलं होतं. परत येणारं एकही पाऊल त्यावर नव्हतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि लहान खिडकीच्या उजेडात पाहिलं. कोर्टात कोणी शपथ घालून विचारलं तर काय सांगेन कोण जाणे. पण इथे मला कोणी शपथ घातलेली नाही, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

दादा आत गेले. ओल्या जमिनीवर त्यांच्या पावलांचे ठसे उठत गेले. भिंतीशी जाऊन ते उभे राहिले, आणि संध्याकाळी दाराशी बसून ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, ‘अक्का, तू कामाला नव्हतीस इथे. कधीच नव्हतीस. दे आता.’ मग जरा थांबले. आमच्या घरातल्या पुरुषाने केरसुणीला हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी ती उचलली, बाहेर आले आणि चांगुणेच्या दोन्ही हातांत ठेवली. तिने ती कपाळाला लावली. ‘ओलं हाय. सुकू दे खोली,’ असं म्हणून ती सरळ अंगण झाडायला गेली.

त्यानंतर आमच्याकडच्या कमानी सगळ्या आळीसारख्याच वळू लागल्या. अक्काच्या खोलीचं दार उघडं राहू लागलं. आई तीन महिने खाटेवरून हलली नाही आणि चैत्रात बाळंत झाली. मुलगा झाला, काळाभोर, किडकिडीत, पण रडण्याचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत जाईल असा. दादांनी त्याचं नाव अनंत ठेवलं. चांगुणा पुढे बावीस वर्षं आमच्याकडे होती, आणि त्या बावीस वर्षांत तिने त्या सकाळचा एकदाही उल्लेख केला नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, फरशी घातली, ती खोली आता फ्रीज ठेवायची झाली आहे.

माझं गुपित मी आईला तिच्या शेवटच्या वर्षी सांगितलं. ती अंथरुणाला खिळली होती, मी तिचे पाय चेपत होते. म्हटलं, ‘आई, त्या सोमवारी माजघर मी सारवलं होतं. तुला उगीच घाबरवलं.’

आई हसली. ‘मला काय ते त्याच क्षणी कळलं नाही? बोटं केवढीशी तुझी. वन्संनी तुला कधी घमेल्याला हात लावू दिला नाही, आणि मी लावायला लावला. उद्या मी गेले तर ही पोर जन्मभर पहाटे उठून डाव्या हाताने सारवत बसेल, हे दिसलं मला. घाबरले ती त्याला. म्हणून उठवलं ह्यांना.’

मी तिचे पाय पुन्हा चेपू लागले. मग विचारलं, ‘आणि खोलीतलं?’

‘ते मला वाटलं, ह्यांनी. त्यांना येत होतं ना सारवायला. अनंता जरा मोठा झाल्यावर मी विचारलंही एकदा.’

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले, मला वाटलं तू.’

काल अनंताचा फोन आला होता पनवेलहून. तोही आता आजोबा झालाय, पण माझ्यावर ओरडताना त्याचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत जातो. ‘ताई, तू बाई ठेवतेस की मी येऊन राहू तिथे?’ मी त्याला नेहमीसारखी झटकणार होते. मग वाटलं, कोणापासून लपवायचं. परक्या बाईची भीती मला कधीच नव्हती. हातातली केरसुणी गेली की आपण या घरात कोण उरतो, ही भीती आहे, आणि मला वाटतं अक्कालाही तीच होती. अनंताला हो म्हटलं, आणि आज दुपारी कामाला एक नवी मुलगी येणार आहे. जमीन घाण दिसू नये म्हणून मी सकाळीच सगळं घर झाडून ठेवलंय; सवय जात नाही. ती आली की केरसुणी मी माझ्या हाताने तिच्या हातात देणार आहे, जिवंतपणी, आणि उंबरठ्याच्या बाहेर उभी राहून.